नॉनस्टिक तवा ठेवायचा की काढायचा?

मागच्या अंकात पितळी भांड्यांच्या कल्हईबद्दल लिहिलं होतं. त्यावर पत्रं आली ती मात्र बहुतेक नॉनस्टिकची. नवल नाही. धुळ्यात आमचं भांड्यांचं दुकान आहे, सासऱ्यांच्या पश्चात गल्ल्यावर मी बसते, आणि आठवड्यातून कितीतरी वेळा कुणीतरी पिशवीतून जुना तवा काढून काउंटरवर ठेवतं आणि विचारतं, "ताई, हा अजून चालेल का?" लग्नाआधी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं होतं, ते या प्रश्नाला उत्तर देताना रोज उपयोगी पडतं. निवडक पत्रं आणि त्यांची उत्तरं देते आहे. ज्यांचं पत्र इथे नाही, त्यांनाही आपलं उत्तर यात सापडेल.

प्रश्न : मुलीला शाळेच्या डब्यात ज्वारीच्या पिठाचं धिरडं देते. परवा धिरड्याच्या खालच्या बाजूला काळे बारीक कण चिकटलेले दिसले. तवा निरखून पाहिला तर मधला थर सोलून निघालाय. सासूबाई म्हणतात, इतके दिवस पोरीच्या पोटात विष गेलं. मला रात्री झोप लागत नाही. तिची रक्ततपासणी करून घेऊ का? *– एक आई, अमळनेर*

उत्तर : ताई, तपासणीची गरज नाही. मनावरचं ओझं आधी उतरवा, मग तव्याचं बघू.

तव्यावरचा तो काळा थर म्हणजे पीटीएफई नावाचं एक प्लास्टिक. टेफ्लॉन हे त्याचं सगळ्यात प्रसिद्ध व्यापारी नाव. १९३८ मध्ये अमेरिकेत रॉय प्लंकेट नावाच्या रसायनतज्ज्ञाला ते अचानक सापडलं, आणि १९५० च्या दशकात फ्रान्समध्ये ते पहिल्यांदा स्वयंपाकाच्या भांड्यांवर बसवलं गेलं. त्याचा मोठा गुण हाच, की ते कशाशीही सहजासहजी संयोग पावत नाही. म्हणून तर त्याला काही चिकटत नाही. पोटातल्या आम्लाचाही त्याच्यावर परिणाम होत नाही. गिळलेले कण रक्तात उतरत नाहीत, जसे गेले तसे शौचावाटे बाहेर पडतात. जर्मनीची सरकारी जोखीम-मूल्यांकन संस्थाही हेच सांगते. तुमच्या लेकीने खाल्लेले कण केव्हाच बाहेर पडलेत.

विषाची जी चर्चा तुमच्या कानावर आली असेल, ती बहुधा पीएफओए या रसायनाची. ते थरात मुद्दाम घालत नसत, पीटीएफई तयार करताना कारखान्यात मदतीला वापरत. ते शरीरात आणि पाण्यात वर्षानुवर्षं टिकून राहतं. २०१९ मध्ये स्टॉकहोम करारात त्याच्यावर जगभर बंदी घालण्याचं ठरलं आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. हे सगळं खरं आहे आणि गंभीरही आहे. पण त्याचा खरा फटका बसला तो कारखान्यांत काम करणाऱ्यांना आणि ज्यांच्या प्यायच्या पाण्यात कारखान्याचं सांडपाणी मिसळलं त्या गावांना. तयार तव्याचा थर भट्टीत तापवून पक्का करतात, त्यात ते जवळजवळ सगळं उडून जातं.

तरीही हा तवा आता वापरू नका. थर सोलला की खालचं ॲल्युमिनियम उघडं पडतं. त्यावर टोमॅटो, चिंच, ताक असं आंबट पडलं की थोडं ॲल्युमिनियम अन्नात उतरतं. निरोगी माणसाची मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात, पण घरात मूत्रपिंडाचा रुग्ण असेल तर हे अजिबात चालवून घेऊ नये. शिवाय एकदा कड सुटली की थर निघतच राहतो. उद्याच्या धिरड्यालाही कण लागतील.

सासूबाईंवर रागावू नका. कल्हई गेलेल्या पितळी पातेल्यात ताक कळकतं, हे त्यांच्या पिढीने डोळ्यांनी पाहिलंय. थर गेला की भांडं बंद ठेवायचं, ही त्यांची सवय अगदी बरोबर आहे. फरक एवढाच, की पितळेला पुन्हा कल्हई करता येते आणि या तव्याला येत नाही.

प्रश्न : एक ओरखडा पडला म्हणून लगेच तवा टाकायचा का? आमचे हे म्हणतात, दुकानदार नवीन खपवायला घाबरवतात. नेमकं काय बघायचं ते सांगा. *– चाळीसगावच्या वाचक*

उत्तर : तुमच्या ह्यांची शंका रास्त आहे. म्हणून दुकानात न येता घरीच तपासता येईल असं सांगते.

तवा कोमट पाण्याने धुऊन कोरडा करा आणि दिवसाच्या उजेडात खिडकीशी न्या. तिरका धरून बघा. बारीक, केसासारख्या रेषा असतील आणि त्यांच्या तळाशी काळंच दिसत असेल, तर तवा चालेल. रेषेच्या तळाशी चांदीसारखी चमक दिसली, तर तिथे धातू उघडा पडलाय. मग बोटाचं टोक, नख नव्हे, पूर्ण पृष्ठभागावरून हळू फिरवा. रेषेच्या कडा उचललेल्या लागल्या किंवा कुठे फुगा आल्यासारखं जाणवलं, तर विचार करत बसू नका. फुगा म्हणजे थर आणि धातू यांच्यात फट पडली. पुढच्या दोन-चार वापरांत तो तुकडा भाजीत येणार.

आता पाण्याची परीक्षा. थंड तव्यावर ठिकठिकाणी पाण्याचे थेंब टाका. चांगल्या थरावर थेंब मोत्यासारखा गोल राहतो आणि तवा कलता केला की घरंगळतो. जिथे थेंब पसरून चपटा होतो तिथला थर झिजलाय. बहुतेक तव्यांत हे मधोमध आढळतं, कारण आच तिथे जास्त लागते आणि उलथनंही तिथेच जास्त फिरतं. आप्पेपात्रात मात्र खाचांच्या कडा बघा. आप्पे उलटायला स्टीलचा चमचा किंवा सळई वापरतात ना, ती तिथेच घासते.

इथे एक गफलत पुष्कळ जणींची होते. तवा चिकटायला लागला, तपकिरी पडला, की थर गेला असं वाटतं. अनेकदा तो जळलेल्या तेलाचा राप असतो. थर त्याच्याखाली चांगला शाबूत असतो. खायच्या सोड्यात थोडं पाणी घालून लेप करा, तव्यावर अर्धा तास ठेवा आणि मऊ फडक्याने पुसा. डाग गेला आणि खाली गुळगुळीत काळं निघालं, तर तुमचा तवा अजून पुष्कळ दिवस जाईल. असे तवे घेऊन आलेल्या कितीतरी जणींना मी नवीन न देता परत पाठवते. सोड्याने काही फरक पडला नाही आणि जागा करडी, खरबरीत, निस्तेजच राहिली, तर मात्र तो थरच गेलेला आहे.

बूडही बघायचं. फरशीवर तवा पालथा न घालता सरळ ठेवा आणि कडेला दाबा. डुगडुगला तर बूड वाकलंय. गरम तव्यावर थंड पाण्याची धार सोडली की असं होतं, आणि जवळजवळ प्रत्येक घरात ती सोडतात. वाकलेल्या बुडाला आच सारखी लागत नाही, एकाच जागी तवा फार तापतो आणि तिथला थर लवकर जळतो. मुठीचे स्क्रू ढिले असतील तर घट्ट करा. मूठच तडकली असेल किंवा रिव्हेट हलत असेल, तर थर कितीही सुंदर असला तरी गरम तेलासकट तवा हातातून निसटण्याचा धोका आहे. माझ्या मते थराच्या ओरखड्यापेक्षा हा धोका मोठा, आणि त्याबद्दल कुणी विचारत नाही.

किती वर्षांनी बदलायचा, असं पत्रात पुढे विचारलंय. वर्षं मोजू नका. रोज वापरातला तवा पाच वर्षं चांगला टिकला तर त्या घरातल्या बाईने तो जपला असं समजा. पण वाईट वापरला तर तो वर्षभरातही जातो.

प्रश्न : (शिरपूरजवळच्या एका मावशींचं पत्र अहिराणीत आहे, ते थोडक्यात मराठीत देते.) मुलाने पुण्याहून नॉनस्टिकचा सेट आणून दिला. त्यावर मिरच्या भाजून ठेचा केला तर दोन महिन्यांत तव्याला टवके गेले. सून म्हणते तुम्ही तव्याची वाट लावली. माझं काय चुकलं?

उत्तर : मावशी, तुमचं काहीच चुकलेलं नाही. तुमच्या कामाला ते भांडंच चुकीचं आलं.

आपल्याकडे ठेचा कसा होतो? तव्यावर तेलात हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे खरपूस करायचे आणि तिथेच, तव्यातच, पितळी तांब्याच्या नाहीतर ग्लासच्या बुडाने रगडायचं. ती चव मिक्सरला येत नाही, यात मला शंका नाही. पण नॉनस्टिकचा थर केसाच्या जाडीपेक्षाही पातळ असतो. त्यावर तांब्याचं बूड रगडल्यावर तो राहील कसा? ठेच्याला लोखंडी तवाच हवा, किंवा जाड बिडाचा.

तीच गोष्ट काळ्या मसाल्याची. शेवभाजीला आपण सुकं खोबरं काळपट होईपर्यंत भाजतो, कांदा भाजतो, खडा मसाला कोरडाच परततो. तेल नाही, पाणी नाही, आच मोठी. नॉनस्टिकला याहून वाईट काही नाही. अन्नात पाणी असलं की भांड्याचं तापमान शंभर अंशांच्या आसपास धरून राहतं. कोरड्या भांड्याला धरून ठेवणारं काहीच नसतं, ते चढतच जातं. मोठ्या आचेवर पातळ रिकामा तवा काही मिनिटांत अडीचशे अंश ओलांडतो. कळण्याच्या भाकरीचंही तसंच. भाकरीला तवा चांगला रसरशीत लागतो, मग पुन्हा आचेवर शेकायचं. हे काम लोखंडानेच करावं.

म्हणजे नॉनस्टिक निरुपयोगी आहे का? मुळीच नाही. धिरडं, अंड्याची पोळी, कमी तेलातली भाजी, दुधाची बासुंदी आटवताना खाली न लागणं, यासाठी ते उत्तम. खान्देशातल्या स्वयंपाकघरात दोन तवे हवेत, एक लोखंडी आणि एक नॉनस्टिक, आणि दोघांची कामं कधी मिसळायची नाहीत. सूनबाईंना हे वाचून दाखवा.

लोखंडी तव्यावरही धिरडं न चिकटता निघतं. अर्धा कापलेला कांदा काट्याला टोचून तेलात बुडवायचा आणि प्रत्येक धिरड्याआधी तव्यावर फिरवायचा. नवीन तवा असेल तर आधी राख लावून घासायचा, कोरडा करायचा, तेलाचा अगदी पातळ हात देऊन धूर निघेपर्यंत तापवायचा. असं पाच-सहा वेळा केलं की तो काळा, तुकतुकीत होतो. मात्र राख, तारेची घासणी, काथ्या हे सगळं लोखंडासाठी. नॉनस्टिकला फक्त मऊ स्पंज, आणि तवा निवल्यावरच पाणी. मोलकरणीलाही हे एकदा समजावून सांगावं लागतं, कारण ती सवयीने तारेची घासणीच उचलते.

प्रश्न : रेल्वे क्वार्टरमध्ये राहतो. जागा कमी म्हणून लव्हबर्ड्‌सचा पिंजरा स्वयंपाकघराच्या खिडकीत टांगलाय. नॉनस्टिकच्या धुराने पक्षी मरतात असं ऐकलं. खरं का? *– भुसावळ*

उत्तर : खरं आहे, दादा. हे उत्तर वाचून झाल्यावर पिंजरा आजच दुसऱ्या खोलीत हलवा.

मघाशी म्हटलं, गिळलेला थर निरुपद्रवी. पण अतिशय तापलेला थर तसा नाही. २६० अंश सेल्सिअसच्या पुढे पीटीएफई हळूहळू विघटित व्हायला लागतं, ३२७ अंशांना ते वितळतं आणि ३५० च्या वर त्यातून विषारी वायू आणि अतिसूक्ष्म कण भराभर निघतात. पक्ष्यांची फुप्फुसं हवेतला प्राणवायू आपल्यापेक्षा कितीतरी कार्यक्षमतेने ओढून घेतात. त्यामुळे विषही तितक्याच वेगाने आत जातं. पोपट, बजरीगर, लव्हबर्ड थोड्या वेळात दगावतात आणि वाचवायला अवधी मिळत नाही. माणसाला तोच धूर लागला तर काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, छाती भरल्यासारखी होते, खोकला येतो. फ्लू झाला असं वाटतं. बहुतेकांना एक-दोन दिवसांत बरं वाटतं, पण दम्याच्या माणसाला जड जाऊ शकतं. असं काही झालं तर डॉक्टरांना "तवा जळला होता" हे आवर्जून सांगा, नाहीतर त्यांना कारण कळणार नाही.

यात तवा जुना आहे की नवा, याने फरक पडत नाही. कोरा करकरीत तवाही गॅसवर विसरला तर तेच होतं. फोन आला, दारात कुणी आलं, गॅस चालूच राहिला, असंच हे घडतं. कधी घडलंच तर गॅस बंद करा, खिडक्या-दारं उघडा, पंखा लावा, मुलांना बाहेर न्या. तो तवा पुन्हा वापरू नका.

तापमान घरी मोजणार कसं? कंपन्या बहुधा २६० अंशांपर्यंत सुरक्षित म्हणतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार-मार्गदर्शक सूचनांत १७० अंशांच्या वर नॉनस्टिक तापू देऊ नका आणि थर खराब झाला की भांडं टाकून द्या, असं सांगितलंय. दोन आकड्यांत अंतर मोठं आहे. मी स्वतः संस्थेचा आकडा धरून चालते, कारण शेगडीपाशी थर्मामीटर घेऊन कुणी उभं राहत नाही आणि आपला अंदाज नेहमी कमीचाच असतो. सोपी खूण तेलाची. तवा थंड असतानाच त्यात चमचाभर तेल घाला आणि आच मध्यम ठेवा. शेंगदाण्याच्या रिफाइंड तेलाला साधारण २३० अंशांच्या आसपास धूर सुटतो, घाण्याच्या तेलाला त्याच्या बरंच आधी. तेल धुरायला लागलं की तवा गरजेपेक्षा जास्त तापला. रिकाम्या तव्याला मात्र असा इशारा देणारं कुणी नसतं.

प्रश्न : नवीन घ्यायचाय. ग्रॅनाइट, सिरॅमिक, पीएफओए-फ्री, काय घेऊ? *– जळगाव*

उत्तर : ग्रॅनाइट म्हणून मिळतो त्यात दगड नसतो. ठिपक्यांची नक्षी असलेला पीटीएफईचा किंवा सिरॅमिकचाच थर असतो. त्यासाठी जास्त पैसे देऊ नका. सिरॅमिकमध्ये पीटीएफई नसतं, आच त्याला जास्त सोसते, पण त्याचा न चिकटण्याचा गुण लवकर जातो, कधी वर्ष-दोन वर्षांतच. पक्षी पाळणाऱ्यांनी तोच घ्यावा असं मी म्हणेन, किंवा सरळ लोखंडाकडे वळावं. "पीएफओए-फ्री" याचा अर्थ फक्त ते एक रसायन वापरलेलं नाही. थर पीटीएफईचाच आहे आणि आचेचे नियम तेच. मी तरी शिक्क्यापेक्षा वजन बघते. हातात जड लागणारा, जाड बुडाचा तवा सावकाश आणि सारखा तापतो, वाकत नाही. ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं करणारा आदेश केंद्र सरकारने २०२४ मध्ये काढला आहे. ते चिन्ह शोधा. आठवडी बाजारात किलोवर मिळणारा, कागदासारखा पातळ नॉनस्टिक तवा स्वस्त पडत नाही.

प्रश्न : आमच्या भागात एक माणूस जुन्या नॉनस्टिक कढयांना नवीन कोटिंग करून देतो म्हणतो. करून घेऊ का? नाहीतर जुनी कढई शेतावर भरिताच्या पार्टीला तरी नेऊ का? *– नंदुरबार*

उत्तर : दोन्ही नको.

कारखान्यात थर बसवताना आधी धातूवर वाळूसारख्या कणांचा मारा करून तो खरबरीत करतात, मग फवारणी आणि मग सुमारे चारशे अंशांच्या भट्टीत भाजणं. त्याशिवाय पीटीएफई धातूला धरत नाही. हातगाडीवर किंवा घराच्या ओट्यावर हे होणं शक्य नाही. त्याच्या डब्यात काय रंग आहे आणि तो खाण्यायोग्य आहे का, हे तुम्हाला कळायचा मार्ग नाही. भट्टी असलेला कारखाना लेखी हमी देत असेल तर गोष्ट वेगळी, पण तेवढ्या खर्चात बहुधा नवीन कढई येते.

शेतावर तर जुनी नॉनस्टिक कढई मुळीच नेऊ नका. कपाशीच्या नाहीतर तुरीच्या काड्यांचा जाळ गॅससारखा कमी-जास्त करता येत नाही, आणि तो कढईच्या बाजूंनीही वर चढतो. वांगी भाजून झाल्यावर फोडणीसाठी त्याच जाळावर रिकामी कढई ठेवली, की थर जळायला सुरुवात होते आणि आजूबाजूला पोरं बसलेली असतात. तिथे लोखंडी कढई न्या, हिंडालियमची असेल तीही चालेल.

जुनी कढई भंगारात द्या. आत ॲल्युमिनियम असतं, त्याचा भाव मिळतो. देण्याआधी मूठ काढून ठेवा, म्हणजे पुन्हा कुणी ती स्वयंपाकाला वापरणार नाही. आणि भंगारवाल्याला आठवणीने सांगा, की यावरचा थर जाळून काढू नको.